हातखीळ

चमचा तोंडापासून चार बोटांवर थांबला आणि तिथंच राहिला. चमच्यात आमटी-भात. भूपालकाका तोंड उघडून बसलेले. मी लॅपटॉपकडं बघतोय आणि काय बिघडलं ते कळत नाही. वायर बघितली, मोटर बघितली, सगळं चालू. आणि यंत्राचा हात आपला हवेत.

काकांनी शेवटी तोंड मिटलं आणि म्हणाले, "दिग्या, काकूनं थांब म्हटलं त्याला."

काकू दारात होत्या. केळीवाला गाडा घेऊन पुढं निघाला होता, त्याला त्यांनी "थांब रं" म्हणून हाक मारली होती. केळीवाला थांबला नव्हता. हात थांबला होता.

"आमच्या घरात सगळी हिचंच ऐकत्यात," काका म्हणाले. "आता हेबी."

ही इचलकरंजीतली गोष्ट. सात वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. बारावीला गणितात दोनदा उडालेलो. पाटणकर सरांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर हेल्पर म्हणून लागलो होतो आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर इंग्रजी व्हिडिओ लावून मोटरी कशा चालवायच्या, आवाज ओळखणारा प्रोग्राम कसा लिहायचा, हे शिकत होतो. इंग्रजी कळायचं नाही. खाली येणारी अक्षरं थांबवून थांबवून वाचायचो. दोन वर्षांत सरांनी लेथवरनं काढून मला लॅपटॉपसमोर बसवलं.

भूपाल मगदूम हे फौंड्रीत लाकडी पॅटर्न करायचे. म्हणजे जो लोखंडी भाग ओतायचा, तो आधी लाकडात कोरायचा. गावात त्यांच्या हाताला तोड नव्हती असं पाटणकर सर सांगायचे. त्याच्या तीन वर्षं आधी मोटारसायकलवरनं पडले आणि मान गेली. खांद्याखाली काही हलत नाही. डोकं, डोळे आणि जीभ तेवढी शाबूत. जिभेला तर धार.

सरांनी त्यांच्यासाठी हा हात बनवायला घेतला होता. चाकाच्या खुर्चीला बसवायचा, समोरच्या ट्रेवरनं घास उचलून तोंडापर्यंत न्यायचा. पाण्याचा पेला धरायचा. सगळं तोंडच्या शब्दावर; शब्द कुणाच्या तोंडातनं आला ते यंत्राला कळायचं नाही.

ह्यात अडलेलं काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मगदूम जैन. दिवस बुडायच्या आत जेवायचं, नंतर पाण्याशिवाय काही नाही. काका तर असे की पडल्यानंतर दवाखान्यातसुद्धा त्यांनी हा नेम मोडला नव्हता. त्रिशलाकाकू आधी गारमेंटच्या कारखान्यात शिवणाला जायच्या, शिफ्ट सातपर्यंत. काका पडल्यावर त्यांनी काही महिने दोन्ही करून बघितलं. त्या महिन्यांत काकू दुपारी एकच्या सुट्टीत येऊन भरवायच्या, त्या घासावर काका दुसऱ्या दिवसापर्यंत राहायचे. शेजारणीच्या हातनं खायला तयार नाहीत. मग काकूंनी कारखाना सोडला. आता हा हात नीट चालला तर काकू परत कामाला जाणार होत्या आणि काका दिवस बुडायच्या आत आपल्या आपण जेवणार होते. बस एवढंच.

काका एकदा मला म्हणाले होते की भुकेचं एवढं काही नाही, पण तीन वर्षांत एक घास न मागता खाल्ला नाही. एक घास मागायला किती शब्द लागतात ते मोज म्हणाले.

यंत्राला पुण्याच्या एका प्रतिष्ठानची मदत होती. त्यांची अट होती की आज्ञा मराठीतच पाहिजेत, आणि शब्द त्यांच्या समितीनं ठरवलेले. समितीवर आरवाडे सर म्हणून रिटायर झालेले प्राचार्य होते. त्यांची पहिली यादी आली ती मी काकांच्या डोळ्यांपुढं धरली. पात्रग्रहण. मुखोपसर्पण. हस्तनिवर्तन. जलप्रदान.

काकांनी दुसरा शब्द दोनदा वाचला. "ह्यात साप हाय का रं?"

मी हसलो, पण त्या रात्री बसून दुसरी यादी केली. घासघे. पाणीदे. चमचाबदल. तोंडपूस. हातमागे. एक एक शब्द जोडून लिहायचा, म्हणजे यंत्राला तो बोलण्यातला वाटत नाही, आज्ञा वाटते. हातमागे बघून काका म्हणाले की गावात यंत्रमाग येऊन शंभर वर्षं झाली आणि तू परत हातमाग आणलास. पण म्हणून बघितला आणि हात मागं गेला तेव्हा यादी परत पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, "घासघे चांगला हाय. आई म्हणायची तसा हाय."

यादी सरांनी पुण्याला पाठवली. मला वाटलं आता शिव्या येणार. आठ दिवसांनी आरवाडे सरांचा फोन थेट मला आला. त्यांनी आधी विचारलं की तुम्ही कुठं शिकलात. मी बारावी म्हणालो. दोनदा उडालो ते गाळलं. ते म्हणाले की आम्ही सहा जण दोन वर्षं शब्द घडवतोय आणि आमचे शब्द घडवलेले दिसतात, तुमचे दिसत नाहीत. तुम्हाला शब्दाचा कान आहे.

मला तोपर्यंत कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. शाळेत लोहार, वर्कशॉपात दिग्या. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

त्यानंतर मला शब्दांचं वेडच लागलं. जेवताना, गाडीवर, सिग्नलला. पडणाऱ्याला सावरणाऱ्या यंत्राला तोलसांगाती. बोटात बळ देणाऱ्या हातमोज्याला बळमोजा. आंधळ्याच्या काठीला, जी पुढचा खड्डा सांगते, तिला वाटकाठी. आरवाडे सरांना रोज दोन-तीन पाठवायचो. ते कधी वा लिहायचे, कधी नुसतं पुन्हा बघा. प्रतिष्ठाननं ठरवलं की ह्याची पुस्तिका काढायची, बेचाळीस शब्द, मराठी भाषा दिनाला प्रकाशन, आणि त्याच कार्यक्रमात काकांचं प्रात्यक्षिक. आतल्या पानावर छापणार होते, शब्दनिर्मिती : दिग्विजय लोहार. त्याचं प्रूफ मी बापाला दाखवलं. तो वेल्डिंग करतो. त्यानं नावावरनं बोट फिरवून वाचलं आणि विचारलं की ह्यात निर्मिती म्हणजे तू काय केलंस. मी म्हणालो शब्द. तो म्हणाला शब्द तर असतातच की.

राहिला होता तो थांबचा घोटाळा. थांब घरात सारखं कोणीतरी म्हणतं. टीव्ही म्हणतो, काकू म्हणतात, गल्लीतली पोरं म्हणतात. बस घातलं तर पाहुणा आला की हात बंद. राहू दे घातलं तर त्याहून वाईट, आमच्याकडं दर तिसरं वाक्य राहू दे असतं. घास मधेच हवेत अडकायचा आणि काका तोंड उघडून बसायचे. प्रतिष्ठानचा एक माणूस बघायला आला तेव्हा हेच झालं. तो वहीत काहीतरी लिहून गेला आणि पाटणकर सर मला म्हणाले की दिग्या, कुणाच्या तोंडात चुकूनसुद्धा येणार नाही असा शब्द दे.

तो शब्द मला काकूंमुळं सापडला. त्यांच्या माहेरची माणसं आली होती आणि काका त्यांच्यासमोर गप्प गप्प. ती गेल्यावर काकू म्हणाल्या, दातखीळ बसली होती काय.

मी तिथंच उठलो. हातखीळ.

दाताला बसते ती दातखीळ, यंत्राच्या हाताला बसवायची ती हातखीळ. आरवाडे सरांना फोन करून सांगितलं. त्यांनी तो स्वतः एकदा म्हणून बघितला. मग म्हणाले, "लोहार, हा शब्द भाषेत आधीपासून असायला हवा होता." एवढं एकच वाक्य म्हणाले. अजून पाठ आहे.

आणि शब्द चाललासुद्धा. आठ दिवस घरात लावून ठेवला, टीव्ही चालू, पोरं चालू, काकू चालू. एकदाही चुकून थांबला नाही. काकांनी हातखीळ म्हटलं की हात जिथं असेल तिथं गच्च.

पंधरा फेब्रुवारीच्या आसपास काकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले बस, आणि घासघे म्हणाले. हात आला, चमचा तोंडात गेला. चमचा तोंडात असतानाच ते बोलायला लागले. हाखी. हाखी. हाखीअ. भात हनुवटीवर. हात आपलं काम पूर्ण करून मागं गेला.

तोंड पुसून घेतल्यावर ते म्हणाले, "ळ म्हणायला जीभ वर वळवाय लागतीय. जिभंवर तर तुझा चमचा हाय."

मी सांगितलं की चमचा तोंडात असताना थांबवायची वेळच येणार नाही. तोंडाची जागा यंत्रात भरून ठेवली आहे, त्याच्या पुढं हात जात नाही. दाब कळायचा सेन्सरही पुढच्या खेपेला बसवणार आहोत.

"आणि आलीच वेळ तर?"

"तर काय म्हणायचं तुम्ही सांगा."

त्यांनी विचार केलेला होता. ते म्हणाले, "तोंडात घास असल्यावर माणूस काय म्हणतो रं? अंहं म्हणतो. नाकातनं निघतंय. तेवढं घाल."

मी म्हणालो, काका, अंहं हा शब्द नाही.

"मग काय हाय?"

"आवाज आहे नुसता."

"मग तुझ्या यंत्राला काय कळतंय, आवाजच न्हवं?"

 काम दोन दिवसांचं होतं. त्यांच्या आवाजातले चाळीस-पन्नास अंहं रेकॉर्ड करायचे, यंत्राला ओळख करून द्यायची. मी कार्यक्रम झाल्यावर करू म्हणालो. घरी जाऊन तरी कागदावर लिहून बघितलं. अंहं. अँहँ. उंहूं. कसंही लिहिलं तरी बेचाळीस शब्दांच्या यादीत, हातखीळच्या शेजारी, ते खुळ्यासारखं दिसत होतं. आरवाडे सरांना काय सांगणार, अजून एक शब्द सुचलाय, अंहं? कागद चुरगाळून टाकला.

काकांनी नंतर दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

सत्तावीस फेब्रुवारीला हॉल भरला होता. काकांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, कपाळाला गंध. काकूंनी घरनं शिरा करून आणला होता. एक मार्चपासून त्या कामावर रुजू होणार होत्या, कारखान्यात बोलणं झालं होतं. प्रतिष्ठाननं आज पसंत केलं की हात कायमचा काकांचा. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर शिऱ्याचा रिकामा डबा धरून. स्टेजवर मी खुर्चीला ब्रेक लावला आणि काकांचे खांदे खुर्चीच्या पाठीवरच्या खडूच्या खुणांना लावून बसवले, कारण यंत्रातली तोंडाची जागा त्या खुणांवर ठरलेली होती. माझ्या हातात बंद करायच्या लाल बटणाची डबी होती. पाटणकर सर बाजूला. आरवाडे सर खुर्चीत, आणि मधे प्रमुख पाहुणे.

पहिला घास सुरेख झाला. काकांनी माईकमध्ये घासघे म्हटलं, हात वळला, शिरा उचलला, तोंडाशी गेला, काकांनी खाल्ला. टाळ्या. आरवाडे सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

फोटोवाला म्हणाला की मागचा बोर्ड दिसत नाही, परत एकदा घ्या, आणि जरा पुढं. कुणीतरी ब्रेक काढून खुर्ची पुढं ढकलली, त्या झटक्यानं काका खुर्चीत पुढं सरकले. दोन बोटं, फार तर तीन. मी खुणा परत बघायला हव्या होत्या. पण पाहुण्यांनी नेमकी तेव्हाच पुस्तिका माझ्या हातात देऊन फोटोसाठी हसायला सांगितलं.

काका म्हणाले, घासघे. मोठ्यानं, ऐटीत.

चमचा ओठांपाशी आला आणि थांबला नाही. आत गेला.

"अंहं," काका म्हणाले.

माईकवर ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. पाहुणे हसून म्हणाले, "घ्या हो, लाजताय काय, घरचाच शिरा हाय." हॉल हसला. आमच्याकडं ताटावर आडवा हात धरून अंहं म्हटलं तर कोण ऐकतं? वाढणारा अजून एक डाव वाढतो. पोट भरलेल्या माणसानंसुद्धा तीनदा अंहं म्हटल्याशिवाय कुणी खरं धरत नाही.

"अंहं. अंऽहं."

मागनं कुणीतरी ओरडलं, अजून वाढा त्यास्नी. काकू उभ्या राहिल्या होत्या. डबा खाली पडला, झाकण घरंगळत स्टेजपर्यंत आलं. त्या हसत नव्हत्या.

मी बटण दाबलं. हात थांबला. पाटणकर सरांनी चमचा बाहेर ओढला तेव्हा त्याच्याबरोबर रक्त आलं आणि अर्धा दात. टाळू फाटली होती. शिरा घशात, श्वासनळीत. काका निळे पडत चालले होते आणि खोकायलाही त्यांच्याकडं पोटाची ताकद नव्हती. कुणीतरी अजून शूटिंग करत होतं.

नऊ दिवस दवाखान्यात होते. छातीत कफ झाला, नळी घातली होती. टाळूला टाके. वाचले.

मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा ते झोपलेले होते. निदान काकूंनी तसं सांगितलं.

आरवाडे सरांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. त्यांनी विचारलं की त्या गृहस्थांना शब्द का म्हणता आला नाही. मी म्हणालो, घाबरले असतील सर. ते म्हणाले, "शब्दात तर दोष नाही ना? तसं असेल तर मला सांगा. पुस्तिका मागं घेऊ."

मागं घेऊ म्हणाले होते ते. सरळ म्हणाले होते.

मी म्हणालो, नाही सर, शब्दात दोष नाही.

मग पाटणकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. प्रतिष्ठानला अहवाल द्यायचा होता. सरांनी टेबलावर लॅपटॉप फिरवून मला व्हिडिओ दाखवला. त्यात काका कमी दिसतात, मीच जास्त दिसतो, कारण फोटोवाल्याचा कॅमेरा माझ्या बाजूला होता. पहिलं अंहं ऐकू येतं. मी झटकन काकांकडं बघतो. हॉलमध्ये एकटा मीच हसत नाही, म्हणजे मला कळलं होतं. अंगठा बटणावर आहे. आणि मी दाबत नाही. सरांनी मोजलं होतं. पाच सेकंद.

त्या पाच सेकंदांत माझे ओठ हलतायत.

सरांनी विचारलं, "काय पुटपुटत होतास?"

मी म्हणालो आठवत नाही.

मी हातखीळ म्हणत होतो. आवाज न करता, तोंड मोठं करून, तोंडी परीक्षेत बाकावरचा मित्र उत्तर सुचवतो तसा. म्हणा काका. म्हणा ना. एवढे सगळे बसलेत, आरवाडे सर बसलेत, एकदा म्हणा, हात थांबेल, टाळ्या पडतील. बटण दाबलं असतं तर यंत्र थांबलं असतं. मला शब्दानं थांबवायचं होतं.

सरांनी व्हिडिओ मागं नेऊन माझे ओठ परत बघितले. मला वाटतं त्यांना कळलं. पण त्यांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले की सेन्सर नव्हता, खुर्ची हलवली, हे सगळं लिहिलं तर हा प्रयोग बंद पडेल, आणि मागं अजून सात पेशंट थांबलेत. त्यांनी दोन पानांचा अहवाल पुढं सरकवला. पहिल्या पानावर होतं की यंत्रणा निर्दोष होती, वापरकर्त्यानं हातखीळ ही आज्ञा उच्चारली नाही. दुसऱ्या पानावर होतं की वापरकर्ता आज्ञा उच्चारण्याच्या निकषात बसत नाही, सबब यंत्र परत घ्यावं.

दुसरं पान वाचलं नव्हतं असं मी इथं लिहू शकलो असतो. वाचलं होतं. सात पेशंटसाठी सही केली असंही लिहू शकलो असतो. ते सात माझ्या डोक्यात आलेही नाहीत.

मार्चच्या शेवटी टेम्पो घेऊन हात आणायला मलाच पाठवलं.

काकूंनी दार उघडलं. मला वाटलं होतं दारातनंच हाकलतील. त्यांनी पाणी दिलं. कारखान्यात त्यांच्या जागी दुसरी बाई लागली होती, ते त्यांनी असंच सांगितलं, कुणाला दोष न देता. काका खुर्चीत होते. गाल आत गेलेले. हसले तेव्हा दाताची फट दिसली.

मी म्हणालो, काका, न्यायला आलोय.

"ठाव हाय," ते म्हणाले. "आधी एकदा चालू कर."

मी नको म्हणालो. काकू म्हणाल्या, कर की रं, एकदा.

चालू केला. ट्रेवरच्या वाटीत त्यांनी नुसतं पाणी ठेवलं होतं. काकांनी घासघे म्हटलं. हात वळला, चमचा भरला, तोंडाशी आला. काकांनी मान पुढं केली आणि चमचा स्वतःहून आत घेतला, चांगला आत, ओठ त्याच्यावर मिटले. माझा अंगठा बटणावर गेला. त्यांनी डोळ्यांनी मला नको म्हणून सांगितलं.

मग चमचा तोंडात ठेवून, जीभ एका बाजूला काढून, ते म्हणाले, "हातखीळ."

पाणी हनुवटीवरनं गळ्यात गेलं. शब्द जाड आला, पण आला. ळ आला. हात जिथं होता तिथं गच्च थांबला.

काकूंनी चमचा हळू बाजूला घेतला, त्यांचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "घरी आणल्यापासनं रोज करत्यात. सकाळ-संध्याकाळ. तोंडात चमचा धराय लावत्यात मला. एकदा टाका तुटला तरी ऐकलं न्हाई."

काकांना धाप लागली होती. ती बसेपर्यंत काकूंनी त्यांच्या छातीवर हात धरला.

"घरी कागद आलाय, त्यात लिवलंय ते बरोबर हाय," काका म्हणाले. "मला शब्द म्हणाय आला न्हाई. तू सांगितला हुतास, शिकवला हुतास, ऐन वक्ताला मला आला न्हाई. आता येतोय. पुण्याच्या सरास्नी सांग, चूक भूपालची हुती, त्यानं सुधारली. हात ठेवा म्हणावं."

आरवाडे सरांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. मोबाईल वरच्या खिशात होता.

मी म्हणालो, सांगतो काका.

आणि खाली बसून मेन स्विच बंद केला. टेम्पोवाला बाहेर हॉर्न मारत होता. खुर्चीला हात चार बोल्टांवर होता. मी पाना लावला.

माझं डोकं त्यांच्या गुडघ्यापाशी होतं, त्यामुळं त्यांना मी दिसत नव्हतो. त्यांना वाटलं असेल मी ऐकतोय, तपासतोय. ते वरनं विचारत होते, परत म्हणून दाखवू? आणि मी काही न म्हणताच म्हणून दाखवत होते. हातखीळ. थांबून, श्वास घेऊन, परत. हातखीळ.

तिसऱ्या बोल्टपर्यंत म्हणत होते. चौथ्याला गप्प झाले.